सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही: करंट नाही की पेट्रोल नाही?

जुनी पेट्रोल गाडी. किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, इंजिन घुमतं, पण पेट घेत नाही. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय म्हणजे दोष बहुधा बॅटरीचा नाही, तरी पहिला संशय तिच्यावरच जातो. तपासायचं ते वेगळंच: प्लगला करंट येत नाही की इंजिनला पेट्रोल पोचत नाही? सीटवर बसून दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि खर्च वाढतो.

चालती गाडी बंद पडली असेल तर ती कशी पडली ते आठवा. करंट गेला की इंजिन दिवा मालवावा तसं एकदम थांबतं. पेट्रोल कमी पडत असेल तर ते आधी कुरकुरतं: गचके, चढावर दम तुटणं, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ नसणं, आणि मग बंद.

जागेवरच सुरू होत नसेल तर थोडा सेल्फ मारून एक प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. कोरडा असेल तर पेट्रोलची वाट धरा. मात्र ओला प्लग म्हणजे करंट नाहीच, असं समजू नका. चोक ओढून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की चांगलं इंजिनही फ्लड होतं, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचतं. अशा वेळी चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला तर पुष्कळदा ते सुरू होतं.

करंट बघायला स्पार्क टेस्टर सगळ्यात बरा. ठिणगी निळसर आणि तडतडणारी हवी. पिवळट, लुळी ठिणगी असेल तर ठिणगी तयार करून प्लगपर्यंत पोचवणारे भाग, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर कॅपमधली ओल किंवा तडा तपासा. वायर हातात धरू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर ही चाचणीच नको.

पेट्रोलची तपासणी गाडीप्रमाणे बदलते. कार्बोरेटरवाल्या गाडीत इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, ॲक्सिलरेटरची लिंक हाताने ओढा आणि वरून बघा. आत बारीक धार उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. इंजेक्शनवाल्या बहुतेक गाड्यांत किल्ली ऑन केली की टाकीकडून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण येते. ती नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, पंप नंतर. गुणगुण आली म्हणून प्रेशर आहेच असं नाही, ते गेजवरच कळतं.

खरी फसगत गरम इंजिनात होते. तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने निमूट सुरू होते. पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ अडकली तरी असंच होतं, कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल तापून दगा देत असलं तरी असंच. गाडी थंड झाल्यावर दोन्ही चाचण्या पास होतात, म्हणून टेस्टर गाडीतच ठेवा आणि बंद पडल्या जागी तपासा.

दुसरी फसगत: सेल्फ चालू असताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडताच मरतं. सगळे पेट्रोलला दोष देतात. पण बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीत सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीचा थेट करंट मिळतो, किल्ली सोडल्यावर रेझिस्टरमधून. हा रेझिस्टर तुटला असेल तर नेमकं हेच घडतं.

करंटही नाही आणि इंजेक्टरही पेट्रोल उडवत नाहीत, अशी जोडी दिसली तर दोन बिघाड शोधू नका. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर एकटाच दोन्ही बंद करू शकतो. पुष्कळ गाड्यांत तेव्हा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही.

आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं कानाला जाणवलं तर करंट-पेट्रोल दोन्ही बाजूला ठेवा. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) तुटला असू शकतो, आणि काही इंजिनांत अशा वेळी सेल्फ मारत राहिलं की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तिथे किल्ली काढा आणि गाडी टो करा.