परिमिती, परीघ आणि क्षेत्रफळ : बेळगाव सीमाभागातील मोजणी

बंद आकृतीच्या कडेची एकूण लांबी म्हणजे परिमिती. आकृती वर्तुळ असेल तर तिला परीघ म्हणतात. त्या कडेच्या आत मावणारी जागा म्हणजे क्षेत्रफळ. कुंपणाची तार परिमितीवर घेतात, बियाणे आणि खत क्षेत्रफळावर. परिमिती कळली म्हणून क्षेत्रफळ कळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात बांधावरून होणाऱ्या वादांतले बरेचसे घोळ इथेच सुरू होतात.

या भागात कागद कन्नडमध्ये आणि बोलणे मराठीत, त्यामुळे आधी शब्द पाहावे लागतात. पहाणी उताऱ्यावरचे (कर्नाटकातला जमिनीच्या नोंदीचा कागद) ‘विस्तीर्ण’ म्हणजे आपले क्षेत्र. मराठीतल्या ‘अफाट’ या अर्थाशी त्याचा संबंध नाही. कन्नडमध्ये परिमितीला ‘सुत्तळते’ आणि परिघाला ‘परिधी’ म्हणतात. तिथे ‘वृत्त’ म्हणजे वर्तुळ, बातमी नव्हे. त्रिज्या आणि व्यास दोन्ही भाषांत सारखेच.

एकर, गुंठा, आणा

गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट. १६ आण्यांचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. एक आणा साधारण ६८ चौरस फूट भरतो. उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठा-आणा असे लिहितात. २-२०-० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, म्हणजेच अडीच एकर. त्याला दशांश समजून २.२० एकर वाचले की बारा गुंठे जागच्या जागी गायब होतात. बेरजेतही हेच होते : १-३० आणि १-२५ मिळून २-५५ नव्हे, ३-१५ होतात, कारण ४० गुंठे झाले की हातचा एक एकर.

ज्यांची थोडी जमीन महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यात आहे, त्यांच्या सातबारावर हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की सर्रास एकच मानले जातात. पण ४० आर म्हणजे एकर धरला, तर दर एकरी सुमारे ५०४ चौरस फूट कमी पडतात, जवळजवळ अर्धा गुंठा. खरेदीखताच्या वेळी तरी हा फरक मोजून घ्यावा. उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, असेल, तर लागवडीचा हिशेब तो वजा करूनच.

चार बाजूंचे शेत

आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, त्रिकोणाचे पाया गुणिले उंचीची निमपट, समलंब चौकोनाचे समांतर बाजूंच्या बेरजेची निमपट गुणिले त्यांच्यातले लंब अंतर. ही सूत्रे शाळेत पाठ झालेली असतात. अडचण अशी की शेत यांपैकी काहीच नसते. ते वाकडे चौकोनी असते, आणि मग गावोगाव चालणारी रीत पुढे येते : समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि गुणा. ही रीत फार जुनी आहे, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ती ‘स्थूल’ म्हणून दिली आहे आणि सूक्ष्म रीत वेगळी सांगितली आहे. आपण ‘स्थूल’ हा शब्द गाळून फक्त रीत घेतली.

एक शेत धरू. बाजू क्रमाने १२०, ९०, १०० आणि ८० फूट. परिमिती ३९० फूट, म्हणजे तीन पदरी तारेला १,१७० फूट तार, शिवाय गाठी आणि ताण. सरासरीने क्षेत्र ११० × ८५ = ९,३५० चौरस फूट, म्हणजे ८.५९ गुंठे. आता १२० आणि ९० च्या बाजूंच्या दोन मोकळ्या टोकांमधला कर्ण मोजला आणि तो १३० फूट आला, तर खरे क्षेत्र ९,२१३ चौरस फूट, फरक दोन आण्यांचा. पण तोच कर्ण १७० फूट आला, तर क्षेत्र फक्त ७,६५४ चौरस फूट, जेमतेम सात गुंठे. बाजू त्याच, परिमिती तीच, आणि दीड गुंठा कागदावर जास्त. सरासरीची रीत चुकते ती नेहमी जास्तीच्या बाजूलाच, फक्त आयतात बरोबर येते. म्हणून विकणाऱ्याला ती सोयीची आणि घेणाऱ्याला महाग.

उपाय एकच : एक कर्ण मोजायचा. कर्णामुळे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की क्षेत्र पक्के होते. तीन बाजूंच्या बेरजेची निमपट काढा. तीतून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा. ती निमपट आणि या तीन वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. १२०, ९०, १३० साठी निमपट १७०; वजाबाक्या ५०, ८०, ४०; वर्गमूळ ५,२१५. दुसरा त्रिकोण १००, ८०, १३० : निमपट १५५, वजाबाक्या ५५, ७५, २५, वर्गमूळ ३,९९८. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचे काम आहे. जमले तर दुसरा कर्णही मोजावा. त्याने टेप कुठे चुकला ते सापडते.

घराच्या प्लॉटला कर्णाचा उपयोग वेगळा. ३०-४० चा प्लॉट गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल, तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट येतात. एक ४८ आणि दुसरा सुमारे ५२ आला, तर क्षेत्रफळ १,२०० चे १,१९६ होते, म्हणजे फारसे बिघडत नाही. भिंत मात्र ३० फुटांत जवळपास अडीच फूट कलते, आणि आयताकृती घर त्यात बसत नाही. पाया आखण्याआधी हे पाहायचे, नंतर नाही.

ओढ्याकाठची आणि उताराची जमीन

मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा यांच्या काठची कड सरळ नसते. तिथे सरळ दोरी ताणून तिच्यावरून ठरावीक अंतराने काठापर्यंत काटकोनात लंब मोजतात. भूमापनातली शंकू-साखळीची पद्धत याच तत्त्वावर चालते. पहिल्या आणि शेवटच्या लंबाच्या बेरजेची निमपट, अधिक मधले सगळे लंब, गुणिले अंतर. दर २० फुटांवर लंब १२, १८, २२, २०, १४ आले, तर १३ + ६० = ७३, गुणिले २०, म्हणजे १,४६० चौरस फूट. काठ बाहेर फुगलेला असेल तर हे उत्तर किंचित कमी येते. वळण अचानक असेल तिथे लंब जवळ जवळ घ्यावेत.

खानापूरच्या डोंगराळ भागात टेप जमिनीवर टाकून मोजणे चुकीचे. क्षेत्र आडव्या अंतरावर धरतात. १०० फूट आडव्या अंतरात २० फूट उतार असेल, तर जमिनीवर टाकलेला टेप १०२ फूट दाखवतो. अशा वेळी टेप आडवा धरून, टोकाला ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने मोजावे. टेपचा शून्य कडीच्या टोकाला आहे की पट्टीवर, हेही आधी पाहावे.

वर्तुळ

परीघ भागिले व्यास ही संख्या प्रत्येक वर्तुळात सारखीच असते. तिला पाय म्हणतात, किंमत सुमारे ३.१४१६. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म हिशेबासाठी ३९२७/१२५० दिले. २२/७ धरल्याने एकरभर वर्तुळात साडेसतरा चौरस फूटच जास्त येतात, म्हणून शेतात ते पुरते. नुसते तीन धरले तर साडेचार टक्के कमी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांनीही तीनला ‘व्यावहारिक’ म्हटले आणि सूक्ष्म किंमत वेगळी दिली.

परीघ = पाय × व्यास. क्षेत्रफळ = पाय × त्रिज्येचा वर्ग. भास्कराचार्यांचा नियम हाताला सोपा आहे : परीघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश. पाठ्यपुस्तकात तो मागे पडला याची खंत वाटते, कारण विहिरीवर नेमका तोच लागतो.

विहिरीचा व्यास मोजायचा तर टेप बरोबर मध्यातून जायला हवा, आणि मध्य पाण्यावर असतो. म्हणून कठड्याला बाहेरून टेप गुंडाळतात. परीघ ६३ फूट आला, तर बाहेरचा व्यास ६३ × ७ ÷ २२ = सुमारे २०.०५ फूट. कठडा दीड फूट जाड, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून तीन फूट वजा. आतला व्यास १७.०५, क्षेत्रफळ सुमारे २२८ चौरस फूट. तीन फूट वजा करायचे राहिले तर ३१६ येते, पाणी ३८ टक्के जास्त दिसते आणि उसाला पाळ्या चुकतात. २२८ चौरस फुटांत पाण्याची एक फूट पातळी म्हणजे साधारण साडेसहा हजार लिटर.

बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे त्यावर चढवायची लोखंडी पट्टी, हा परिघाचाच हिशेब आहे. चाक ४८ इंची, पट्टी अर्धा इंच जाड. वाकताना पट्टीची आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, मधली रेषा तेवढी राहते. म्हणून व्यास ४८.५ धरायचा आणि लांबी सुमारे १५२.४ इंच येते. ४८ वर कापली तर पट्टी दीड इंचाहून जास्त आखूड पडते आणि जोडच मिळत नाही. पुढे धाव आवळून बसावी म्हणून त्यातून थोडी लांबी मुद्दाम कमी करतात. लोखंड ४०० अंशांनी तापले की एवढ्या पट्टीची लांबी सुमारे पाऊण इंच वाढते. त्या वाढीत धाव चाकावर चढवतात, आणि पाणी मारताच ती आवळते.

व्यास दुप्पट झाला की परीघ दुप्पट होतो, क्षेत्रफळ चौपट. चार इंची एका पाइपच्या तोंडाएवढे तोंड हवे तर दोन इंची चार पाइप लागतात, दोन नव्हे. बाजारातले ६३, ७५, ९०, ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात, त्यामुळे हिशेब करताना त्यातून भिंतीची जाडी दोनदा वजा करावी लागते.