पाटणादेवी, बीड की विजापूर? भास्कराचार्यांच्या जन्मगावाचा वाद

सहलींचा मोसम आला की कन्नड, खुलताबादकडच्या शाळांची पोरं औट्रम घाट उतरून पाटणादेवीला जातात आणि 'थोर गणिती भास्कराचार्यांचं जन्मस्थान पाहिलं' असं वहीत लिहून येतात. जागा चाळीसगाव तालुक्यातली, म्हणजे खानदेशची. पण गौताळ्याचं जंगल घाटाच्या वर-खाली एकच, आणि तिथल्या दगडावर कोरलेली हकीकत थेट देवगिरीच्या दरबारची.

त्या शिलालेखाची माहिती मुंबईच्या एका डॉक्टर-संशोधकाने १८६५ मध्ये प्रसिद्ध केली. लेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू यादवांचा मुख्य ज्योतिषी; आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे, पाटणे गावी, मठ काढला आणि स्थानिक सामंतांनी मठाला उत्पन्न लावून दिलं. संस्कृत श्लोक संपले की मजकूर सरळ मराठीवर येतो: 'इयां पाटणीं जें केणें उघटे…' पाटणात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला, आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल. बाजार भरता होता, हे यावरून कळतंच.

जन्माबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही. पाटण्याचा दावा उभा आहे तो 'पुरादतः' या एका शब्दावर: भास्कराचार्यांच्या मुलाला यादव राजाने 'या पुरातून' दरबारी नेलं. आता मुलगा जिथे राहत होता तिथेच बापाचा जन्म झाला, हे कशावरून? स्वतः भास्कराचार्यांनी आपल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात जन्मशक १०३६ (इ.स. १११४) दिला आणि गाव सांगितलं सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. विजापूरवाले नावाच्या सारखेपणावर बोट ठेवतात, पण तिथून सह्याद्री कुठे आणि ते कुठे! बीडचं तसं नाही. 'विड' ते बीड हा प्रवास कानाला पटतो, बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा, आणि सतराव्या शतकातल्या एका टीकाकारानेही हे गाव गोदावरीजवळ सांगितलं आहे. पाटण्याला तर नाव जुळवण्याचीही सोय नाही. म्हणून मग विज्जडविड जवळपासच होतं, पुढे नाहीसं झालं, असं म्हणावं लागतं.

१९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं आणि पाटणं १९४७ पर्यंत इंग्रजी मुलखात. मुंबईच्या अभ्यासकांचा ओढा कुठे राहिला असेल, ते ज्याने त्याने ठरवावं.

२०१४ मध्ये जन्माला ९०० वर्षं झाली तेव्हा ठिकठिकाणी कार्यक्रम झाले आणि पाटणादेवीकडे पुन्हा लक्ष गेलं. तिथे बोलणं होतं ते बहुतेक लीलावतीच्या गोष्टीचं. भास्कराचार्यांनी वर्णन केलेल्या, वेळ मोजायच्या फलकयंत्राचं किंवा पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरवायच्या चाकाचं नाव कुणी काढत नाही, आणि खरं तर पोरांना तेच जास्त आवडेल.

बीडच्या बाजूने श्लोक आहे, टीका आहे. कोरलेला दगड मात्र पाटण्याकडे आहे, आणि सहलीच्या बसही तिकडेच वळतात.