स्वस्त शिफ्टरने गिअरबॉक्स जळत नाही

जुन्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवणाऱ्यांत नाशिकमध्ये एक समज घट्ट आहे: फ्लोअर शिफ्टर (सीटशेजारी बसणारी गिअर बदलायची मूठ) स्वस्त घेतला की गिअरबॉक्स जळतो. हे चूक आहे. शिफ्टर फक्त केबलने गिअरबॉक्सच्या कुशीवरचा दांडा फिरवतो. प्रत्येक गिअरची खाच बॉक्सच्या आत असते.

बॉक्समधल्या क्लच प्लेट जळतात त्या शिफ्टर आणि दांड्याची जुळणी चुकल्यामुळे. दांडा दोन खाचांच्या मध्ये अडकला की ऑइलचा दाब अर्धवट पोचतो आणि प्लेट घसरतात. महागड्या शिफ्टरलाही हे चुकत नाही. जनरल मोटर्सचा ७००आर४ गिअरबॉक्स असेल तर कार्ब्युरेटरकडून येणारी, बॉक्समधला ऑइलचा दाब ठरवणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल आधी तपासा. ती ढिली राहिली तर शिफ्टर कितीही भारी असो, बॉक्स जातोच.

जुळणी अशी करा. चाकांना अडण्या लावा, दांडा हाताने पार्कच्या खाचेत न्या, शिफ्टरही ‘पी’वर ठेवा. शिफ्टरच्या केबलच्या टोकाची पिन जोर न लावता दांड्याच्या भोकात सरकली पाहिजे. ढकलावी लागली तर टोक एकेक आटा फिरवा. मग प्रत्येक गिअरला ‘टक्’ हाताला जाणवतो का ते पाहा.

पैसे वाचवा, पण शिफ्टरच्या खाचा मोजून: जनरल मोटर्सच्याच टीएच३५० गिअरबॉक्सला सहा लागतात, ७००आर४ला सात. फक्त ‘पी’ आणि ‘एन’ (न्यूट्रल) वरच स्टार्टर फिरू देणारा स्विच हवाच. केबल सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या, नाहीतर तिचं आवरण वितळून ती जाम होते. केबल धरणारं ब्रॅकेट नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत जाड पत्र्यातून कापून घ्या. पातळ पत्रा वाकतो आणि सगळी जुळणी हलते.