लोकनियुक्त सरकारविरुद्धचा कट

मतपेटीतून सत्तेवर आलेले सरकार मुदत संपण्याआधी गुप्त संगनमताने, बळाने, पैशाने किंवा खोट्या कागदांच्या आधारे घालवण्याच्या योजनेला हे नाव दिले जाते. सभागृहात उघडपणे बहुमत गमावल्यामुळे सरकार पडणे हा कट नव्हे. तथापि मुंबईच्या राजकीय बोलीत ‘पाडापाडी’, ‘फोडाफोडी’ आणि ‘कटकारस्थान’ हे शब्द इतके एकमेकांत मिसळले आहेत की, एखाद्या प्रसंगाला त्यांपैकी कोणता लावायचा हे बहुधा बोलणाऱ्याच्या पक्षावरून ठरते.

कट लपवलेला असल्यामुळे आरोप आधी होतो आणि कागद नंतर, कधीकधी अर्ध्या शतकाने, हाती लागतो. इराणमध्ये मजलिसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, पाठिंब्याने पंतप्रधान झालेल्या मोहम्मद मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातील तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्री शाहचे, म्हणजे इराणच्या राजाचे, बडतर्फीचे फर्मान घेऊन कर्नल नासिरी त्यांच्या घरी गेले, तेव्हा अटक झाली ती नासिरींनाच, आणि शाह बगदादमार्गे रोमला निघून गेले. बेत फसला असे सर्वांना वाटत असताना, चारच दिवसांनी पैसे वाटून जमवलेले जमाव आणि पाठोपाठ रणगाडे तेहरानच्या रस्त्यांवर उतरले व सरकार कोसळले. यामागे आपला हात होता हे अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांतून २०१३ मध्ये अधिकृतपणे बाहेर आले; मोसाद्देक १९६७ मध्येच नजरकैदेत वारले होते. चिलीचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. त्यांना सत्तेवर येऊ न देण्याचे १९७० मधले अमेरिकी प्रयत्न सिनेटच्या चौकशीत उघड झाले, पण ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावातील थेट सहभागाचा पुरावा त्या चौकशीला मिळाला नाही.

कधी कटाचा पुरावा हाच कट असतो. ऑक्टोबर १९२४ मध्ये, ब्रिटनमधील मतदानाच्या चार दिवस आधी, ब्रिटिश कम्युनिस्टांना चिथावणी देणारे, मॉस्कोतील सोव्हिएत नेते झिनोव्हिएव्ह यांच्याकडून आल्याचे सांगितले गेलेले ‘झिनोव्हिएव्ह पत्र’ वृत्तपत्रात झळकले. मजूर पक्षाचे सरकार निवडणूक हरले. पत्र बनावट असल्याचे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

भारतात ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग इंदिरा गांधींच्या काळात रुळला. मुंबईतील टॅक्सीचालक व पालिका कामगारांच्या संघटना बांधणारे जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर आणीबाणीत, सरकार उलथवण्यासाठी डायनामाइटने स्फोट घडवण्याचा कट केल्याच्या आरोपावरून, बडोदा डायनामाइट खटला भरला गेला. ते तुरुंगातूनच १९७७ ची लोकसभा निवडणूक जिंकले, मंत्री झाले आणि खटला मागे घेतला गेला, त्यामुळे आरोपाचा न्यायालयीन निवाडा झालाच नाही.

महाराष्ट्रात जुलै १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हे शब्द तेव्हापासून त्यांच्या विरोधकांनी सोडलेले नाहीत, जरी घडले ते सभागृहातील आकड्यांच्या जोरावर. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर एकेकट्याने फुटणे महाग पडू लागले आणि गटाने, परराज्यातील हॉटेलांत मुक्काम ठोकून फुटण्याची पद्धत रूढ झाली.

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेचे मतदान आटोपताच एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीआधीच २९ जूनला राजीनामा दिला. ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, त्यामुळे आरोप उलगडून सांगावा लागला नाही. शिंदे गटाने तो फेटाळला. ठाकरे गट ज्याला ‘गद्दारी’ म्हणतो, त्याला या गटाचा शब्द ‘उठाव’ असा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले, मात्र ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असा निर्णय दिला.