कॅल्शियम फॉस्फेट स्फटिक, कृत्रिम

कॅल्शियम व फॉस्फेट यांचे विद्राव्य क्षार एकत्र आणून प्रयोगशाळेत बनवलेल्या स्फटिकी संयुगांचा हा गट आहे. हाडे व दात यांतील खनिजाशी रचनेने जवळचे हायड्रॉक्सिॲपेटाइट (कॅल्शियम-फॉस्फरस अणुगुणोत्तर १.६७) त्यांत प्रमुख असून ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेट (१.३३) व ब्रशाइट (पाणी धारण करणारे कॅल्शियम हायड्रोजन फॉस्फेट; १.००) यांचाही अभ्यास होतो. सांगली व सातारा जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत उसाच्या रसात फॉस्फोरिक आम्ल व चुना घातल्यावर कॅल्शियम फॉस्फेटचाच साका (विद्रावातून वेगळा होणारा घन पदार्थ) बनतो आणि रसातील गाळ घेऊन तळाशी बसतो. तेथे स्फटिकता अपेक्षित नसते.

हायड्रॉक्सिॲपेटाइटसाठी कॅल्शियम नायट्रेट व डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट यांचे विद्राव १०:६ या रेणुप्रमाणात घेऊन, अमोनियाने सामू (आम्लता-अल्कता दर्शवणारा अंक, pH) १० च्या वर राखीत, थेंबथेंब मिसळतात. साका मुरवून, धुऊन, वाळवून भट्टीत तापवतात. पाणी ऊर्ध्वपातितच लागते, कारण महाराष्ट्रातल्यासारख्या बेसाल्टी प्रदेशातील विहिरींच्या पाण्यात मॅग्नेशियम असते आणि ते ॲपेटाइटचे (हायड्रॉक्सिॲपेटाइट ज्यात मोडते त्या फॉस्फेट खनिजगटाचे) स्फटिकीभवन रोखते. ब्रशाइटचे डोळ्यांना दिसण्याइतके मोठे स्फटिक परीक्षानळीत वाढवता येतात. त्यासाठी फॉस्फोरिक आम्ल मिसळून घट्ट केलेल्या सोडियम मेटासिलिकेटच्या आम्लधर्मी जेलवर कॅल्शियम क्लोराइडचा विद्राव ओततात.

हायड्रॉक्सिॲपेटाइट विद्रावातून सरळ निर्माण होते की आधी दुसरी अवस्था येते, याबद्दल मतभेद आहेत. डब्ल्यू. ई. ब्राउन यांनी १९६२ मध्ये ऑक्टाकॅल्शियम फॉस्फेटच्या रचनेत ॲपेटाइटसारखे थर असल्याचे दाखवले, त्यामुळे तेच पूर्वरूप असावे या मताला बळ मिळाले. ईन्स, गिलेसन व पोस्नर यांनी मात्र १९६५ मध्ये आधी अस्फटिकी फॉस्फेट बनत असल्याचे नोंदवले. ही निरीक्षणे परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही; सामू, तापमान व अतिसंपृक्तता (विद्रावात मावण्यापेक्षा जास्त क्षार असणे) यांनुसार मार्ग बदलतो, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. सजीव हाडातही हाच क्रम असतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तांब्याच्या क्ष-किरणांनी केलेल्या विवर्तनात (स्फटिकातील अणुथरांमुळे किरण ठरावीक कोनांत वळतात, त्या तपासणीत) हायड्रॉक्सिॲपेटाइटची ठळक रेषा ३१.८ अंशांच्या आसपास, तर ब्रशाइटची ११.७ अंशांजवळ येते. अस्फटिकी नमुना ३० अंशांभोवती केवळ रुंद फुगवटा दाखवतो. अवरक्त वर्णपटात ३५७० व ६३० प्रति सेंमी. येथील शोषण हायड्रॉक्सिल गटाचे निदर्शक आहे. तापवल्यावर ब्रशाइट सुमारे २१ टक्के वजन पाण्याच्या रूपाने गमावते. एकट्या विवर्तनावरून नमुन्याला नाव देणे योग्य नव्हे, कारण कॅल्शियमची किंचित उणीव असलेले ॲपेटाइटही जवळपास त्याच रेषा देते आणि सुमारे ८०० अंश से.पर्यंत तापवून बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वेगळे झाल्यावरच ती उणीव उघड होते.