१२०० बाय ६३०: फोटोच्या मापांची पार्श्वभूमी

वेबसाइटसाठी फोटो मागणारा माणूस माप अगदी पिक्सेलपर्यंत सांगतो: १२०० बाय ६३०, १०८० बाय १०८०. कॅमेऱ्यातून मात्र या मापाचा फोटो सहसा निघत नाही. हे आकडे ठरवतो तो फोटो जिथे दिसणार त्या जागेचा मालक, आणि आजवर हे मालक बरेच बदलले.

पहिला मालक छापखाना. फोटोच्या प्रतीवर मेणाच्या पेन्सिलीने रेघा ओढून कुठपासून कुठपर्यंतचा भाग घ्यायचा ते दाखवायचं आणि कॉलमच्या रुंदीत बसण्यासाठी तो किती टक्के लहान करायचा ते कडेला लिहायचं, अशी तिथली रीत होती. कापणं आणि लहान करणं ही तेव्हाही दोन वेगळी कामं होती. लहान करणं हा निव्वळ हिशेब; कापताना मात्र काय ठेवायचं आणि काय घालवायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. आल्बर्तो कोर्दा यांनी १९६० मध्ये काढलेल्या चे गव्हेराच्या फोटोत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. जगभर पोचला तो दोन्ही बाजू छाटलेला फोटो.

संगणकावरच्या फोटोंना सुरुवातीला जागेची अडचण होती ती मेमरीची. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला. डिजिटल फोटोंच्या इतिहासातला हा पहिला मानला जातो. त्याचं माप होतं १७६ बाय १७६ पिक्सेल. त्या यंत्राला झेपेल एवढंच.

पुढची गुंतागुंत झाली ती लांबी-रुंदीच्या गुणोत्तरामुळे. १९२५ मध्ये लोकांसमोर आलेल्या लायका कॅमेऱ्याची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ३:२. हेच गुणोत्तर पुढे बहुतेक डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांनी उचललं. मूकपटांची आणि जुन्या टीव्हीची चौकट ४:३ ची. आयबीएमचा १९८७ चा व्हीजीए हा संगणकाचा पडदा ६४० बाय ४८० पिक्सेलचा, तोही ४:३ च, आणि खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी तीच वाट धरली. मग १६:९ चे रुंद पडदे आले. कुणीच कुणाला विचारून माप ठरवलं नव्हतं, आणि त्याचा भुर्दंड आजही फोटो चढवणाऱ्यावर पडतो.

तो कसा, ते पाहा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो १२०० रुंदीवर आणला की उंची होते ८००. हवी आहे ६३०. पिक्सेलच्या जास्तीच्या १७० ओळी कापायच्या, फोटो दाबून बसवायचा, किंवा तो आणखी लहान करून दोन्ही बाजूंना पट्ट्या सोडायच्या. दाबला तर चेहरे बसके दिसतात, आणि हे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. कापायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं तर ते बहुधा वरून ८५ आणि खालून ८५ ओळी घेतं. गटाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या उंच मंडळींची डोकी जातात ती अशी. तिथे १७० च्या १७० ओळी पायांकडून घ्यायला हव्यात, पण हे फोटो पाहिल्याशिवाय कळत नाही.

वेबवर फोटो आला तेव्हा मापाचा विचारच नव्हता. ब्राउझर बनवणारे मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये मांडलेल्या इमेज टॅगच्या (पानात फोटो घालायच्या खुणेच्या) प्रस्तावात फाइल कुठे आहे एवढंच सांगायची सोय होती. मॉडेमवरच्या संथ इंटरनेटच्या काळात मजकूर आधी यायचा, फोटो मागाहून, आणि तो आला की वाचत असलेली ओळ खाली ढकलली जायची. त्यावर तोड म्हणून रुंदी आणि उंची आधीच लिहून ठेवायची सोय आली. वेब पानं लिहायची भाषा एचटीएमएल, तिच्या जानेवारी १९९७ च्या ३.२ या आवृत्तीत ती अधिकृत झाली. तिचा एक दुरुपयोगही लगेच सुरू झाला: प्रचंड फोटो चढवायचा आणि रुंदी तेवढी २०० लिहायची. पडद्यावर फोटो लहान दिसतो, उतरते मात्र अख्खी फाइल. ही खोड अजून गेलेली नाही.

नेमक्या मापाचा आग्रह पक्का केला तो जाहिरातींनी. ४६८ बाय ६० ही पट्टी १९९६ मध्ये प्रमाण माप ठरली. जागा विकायची तर ती सगळीकडे सारखी हवी. (फोटो ‘७२ डीपीआय’, म्हणजे दर इंचाला ७२ ठिपके, ‘करून पाठवा’ हा आग्रह मात्र निरर्थक आहे. तो आकडा मॅकिन्टॉशच्या १९८४ च्या पडद्यावरून आला. वेब पानावर फोटो किती मोठा दिसेल, याच्याशी त्याचा संबंध नाही.)

२०१० नंतर पडदाच एका मापाचा राहिला नाही. फोनसाठी पानं लवचिक झाली, ठरावीक रुंदी-उंची लिहिणं अनेकांनी सोडून दिलं, आणि मजकुराचं ते जुनं उडी मारणं परत आलं. २०१९ च्या अखेरीस क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर रुंदी-उंचीच्या त्याच दोन आकड्यांवरून गुणोत्तर काढून जागा राखू लागले. त्यामुळे १९९७ ची ती सवय आज पुन्हा योग्य ठरली आहे.

याच दशकात समाजमाध्यमं जागेची मालक झाली. इन्स्टाग्रामने २०१५ पर्यंत चौरसाचा हट्ट धरला. लेखाच्या दुव्यासोबत दिसणाऱ्या चित्रासाठी फेसबुकने १२०० बाय ६३० सुचवलं आणि बाकीच्यांनीही ते चालवून घेतलं. ट्विटरने २०१८ मध्ये कापायचं काम यंत्राकडे दिलं. काही चेहरे ठेवून काही वगळले जात असल्याच्या तक्रारी २०२० मध्ये आल्या. कंपनीने स्वतः तपासलं तेव्हा गोऱ्या व्यक्तींकडे आणि स्त्रियांकडे यंत्राचा थोडा कल आढळला, आणि कुठे कापायचं हे माणसानेच ठरवावं अशा निष्कर्षाला येऊन २०२१ मध्ये ही पद्धत आवरती घेण्यात आली.

कापलेला भाग खरोखर जातो का, हा प्रश्न मार्च २०२३ मध्ये पुढे आला. गूगल पिक्सेल फोनमधलं फोटो कापायचं साधन नवी लहान फाइल जुन्या फाइलवरच लिहायचं, पण जुन्या फाइलची उरलेली शेपटी छाटत नव्हतं. त्यामुळे कापून टाकलेला बराचसा भाग परत काढता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. दोन्ही साधनं दुरुस्त झाली. पण आधीच पाठवलेल्या आणि चढवलेल्या फायलींना त्या दुरुस्तीचा काहीच उपयोग नव्हता.