साबुदाण्यामागचं शेत: कसाव्याच्या जुन्या-नव्या लागवडीची पार्श्वभूमी

आषाढी जवळ आली की नागपूरच्या इतवारीतून साबुदाण्याची पोती भराभर उठतात. उसळीसाठी, वड्यासाठी. ज्या कंदापासून तो बनतो तो कसावा मात्र विदर्भाच्या वावरात सहसा दिसत नाही.

हे झुडूप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी ते सतराव्या शतकात केरळात आणलं. पुढे त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी त्याचा नेटाने प्रसार केला, कारण तांदूळ कमी पडेल तेव्हा पोट भरणारं काहीतरी हवं होतं. जुनी पद्धत त्याच हिशेबाची होती: मातीचे ढीग करायचे, प्रत्येकात खोडाची एक काडी रोवायची, राख आणि शेणखत टाकायचं, लागेल तेवढं झाड उपटायचं. बाकीचे कंद जमिनीतच राहत, वेगळं कोठार लागत नसे. ही पद्धत अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की उपटलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळा-काळा पडतो.

बदल घडवला तो युद्धाने. तोवर साबुदाणा यायचा मलायातून, सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून केलेला. १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं, आवक थांबली आणि १९४३ च्या सुमारास तामिळनाडूतल्या सेलममध्ये कसाव्याच्या स्टार्चपासून दाणे पाडायला सुरुवात झाली. आता गिऱ्हाईक बदललं. घराला रोज दोन झाडं पुरत. कारखान्याला एकदम गाडीभर माल हवा, तोही भरपूर स्टार्चचा.

१९६३ साली तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे एच-१६५ आणि एच-२२६ हे संकरित वाण १९७१ चे. शिफारशीची लागवड अशी: ८-१० महिन्यांच्या निरोगी झाडाचं खोड घ्यायचं, शेंड्याकडचा कोवळा भाग टाकायचा, १५-२० सेंमीच्या काड्या कापायच्या. काप तिरपा नको, सरळ गोल हवा. मग मुळं चहूबाजूंनी सारखी फुटतात. काडी ५ सेंमी खोल, डोळे वरच्या दिशेने. उलटी लावली तर फुटवा रखडतो. अंतर ९० × ९० सेंमी, म्हणजे एकरी सुमारे ५,००० काड्या. फुटवे आले की समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे खुडायचे. एकरी ५ टन शेणखत, ४० किलो नत्र, २० स्फुरद, ४० पालाश. नत्राचा हात सैल सोडला तर पाला माजतो आणि कंद बारीक राहतो. सेलम-नामक्कल पट्ट्यात पुढे ठिबक आलं, खतही त्यातूनच जाऊ लागलं.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली: बेणं. हळद-उसासारखंच इथेही बेण्यातून रोग चालत येतो. मोझॅक विषाणू पांढरी माशी पसरवते खरी, पण त्याचा मोठा प्रवास शेतकऱ्याच्याच हातून, काड्यांच्या मोळीतून होतो. पानं पिवळी-चुरगळलेली दिसली तरी त्याच झाडाची काडी पुढल्या वर्षी लावली जाते, कारण एका झाडापासून जेमतेम दहा काड्या मिळतात आणि निरोगी बेणं सहजी विकत मिळत नाही. उपाय म्हणून दोन डोळ्यांचे तुकडे रोपवाटिकेत दाट लावतात, रोगट रोपं तिथेच उपटतात आणि राहिलेली शेतात नेतात. याने बेणं साठपटीपर्यंत वाढतं. पण काम वेळखाऊ, म्हणून टाळलं जातं. २०२० मध्ये केरळात कसाव्यावरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. तोही काड्यांवरून सहज पसरतो. त्याला आवरायला आफ्रिकेतल्या बेनिनमधून परोपजीवी गांधीलमाशी आणावी लागली.

मग नागपूरकडे हे पीक का नाही? काळ्या कन्हारात, म्हणजे जड चिकण मातीत, श्रावण-भादव्यात पाणी साचतं आणि कंद कुजतो. पाऊस सरला की तीच माती आवळते, उपटताना कंद तुटतो, आणि तुटलेला अजून लवकर नासतो. निचऱ्याच्या बरड जमिनीत तो येईलही. पण दोन दिवसांत माल घेणारा स्टार्चचा कारखाना जवळ लागतो, आणि ते कारखाने सेलमकडे आहेत.